एच-१बी व्हिसाची मुलाखत: खिडकीसमोर उभे राहण्यापूर्वीची तयारी

विशेष ज्ञान लागणाऱ्या नोकरीसाठी मिळणाऱ्या अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची मुलाखत बहुतेक वेळा काही मिनिटांतच आटोपते. काचेच्या खिडकीपलीकडे अधिकारी, अलीकडे आपण उभे, चार-सहा प्रश्न आणि निर्णय. एवढ्या थोड्या वेळात आपली पात्रता नव्याने सिद्ध करून दाखवायची नसते, ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करावी. आपल्याला नोकरीवर घेण्यासाठी कंपनीने दाखल केलेले पिटिशन, म्हणजे परवानगीचा अर्ज, यूएससीआयएस या अमेरिकी स्थलांतर खात्याने आधीच तपासून मंजूर केलेले असते आणि त्याची नोंद अधिकाऱ्याला त्याच्या संगणकावर दिसत असते. त्याला पाहायचे असते ते एवढेच, की पिटिशनमध्ये ज्या व्यक्तीचे वर्णन आहे ती हीच का, ते काम खरोखर अस्तित्वात आहे का, आणि ही व्यक्ती तेच काम करायला निघाली आहे का. म्हणून खरी तयारी म्हणजे पिटिशन, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि आपले बोलणे या तिन्हींत कुठेही विसंगती राहणार नाही, याची खात्री करून घेणे.

हे सांगण्याचे कारण असे, की अनेक उमेदवार आपले पिटिशन एकदाही न वाचता मुलाखतीला जातात. त्यांच्या हाती आय-७९७ हे मंजुरीपत्र आलेले असते आणि तेच सर्वस्व आहे, असा त्यांचा समज असतो. ते पत्र म्हणजे केवळ निकाल आहे. मूळ अर्ज आय-१२९ या नमुन्यात असतो आणि त्याला कंपनीचे समर्थनपत्र, पदवीचे मूल्यांकन, अनुभवाची पत्रे आणि कामगार खात्याने प्रमाणित केलेला एलसीए (वेतन आणि कामाच्या अटींचा कंपनीचा अर्ज) जोडलेला असतो. कंपनीच्या एचआर विभागाकडे किंवा वकिलाकडे या संपूर्ण संचाची प्रत मागावी. मागायला संकोच वाटतो, असे अनेकजण म्हणतात, पण आपल्याच नावाने भरलेल्या कागदांत काय लिहिले आहे हे जाणून घेणे पूर्णपणे रास्त आहे आणि कंपनी टाळाटाळ करत असेल, तर तेवढ्याने सावध व्हावे.

प्रत हाती आल्यावर एलसीएपासून सुरुवात करावी. त्यात पदाचे नाव, वेतन, वेतनाचा स्तर आणि कामाच्या ठिकाणाचा पत्ता असतो. ऑफर लेटरवर एक रक्कम, एलसीएवर दुसरी आणि तोंडी सांगताना तिसरी असे होता कामा नये. त्यानंतर समर्थनपत्रातील कामाचे वर्णन सावकाश वाचावे, कारण तिथे कोणत्या कामाला किती टक्के वेळ जाणार हेसुद्धा बऱ्याचदा लिहिलेले असते. पिटिशन भरल्यापासून मुलाखतीपर्यंत मधे काही महिने गेलेले असतात आणि तेवढ्या काळात प्रकल्प बदललेला, क्लायंट बदललेला किंवा कामाचे शहर बदललेले असू शकते. असा बदल आढळला, तर वकिलाला लगेच कळवावे. २०१५ मधील एका निर्णयानंतर हे स्पष्ट झाले आहे, की कामाचे ठिकाण एलसीएतील महानगर क्षेत्राबाहेर गेले, तर कंपनीला सुधारित पिटिशन दाखल करावे लागते, आणि ते न करता खिडकीसमोर नव्या शहराचे नाव सांगणे म्हणजे आपणच अडचण ओढवून घेणे होय.

पुणे किंवा मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी., बी.सी.एस. अथवा बी.कॉम. अशी तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांनी पदवी-मूल्यांकन विशेष लक्ष देऊन वाचावे. एच-१बीच्या नियमांत तीन वर्षांचा संबंधित अनुभव हा एका शैक्षणिक वर्षाच्या तोडीचा मानण्याची तरतूद आहे आणि त्याच्या आधारे पदवी चार वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या बरोबरीची ठरवलेली असते. अशा वेळी जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रे हाच त्या मंजुरीचा कणा असतो. ती पत्रे, रिलीव्हिंग लेटर आणि त्या काळातील पे स्लिप जवळ असाव्यात, तारखा तोंडपाठ असाव्यात आणि पुढे एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. केले असेल, तर कोणत्या पदवीच्या आधारे पिटिशन मंजूर झाले आहे, हेही ठाऊक असावे.

डीएस-१६० भरताना

हा ऑनलाइन अर्ज उमेदवाराने स्वतः भरावा. एजंटाकडून भरून घेतला, तरी त्यातील प्रत्येक विधानाची जबाबदारी आपलीच असते. अर्ज सुरू करताच मिळणारा अर्ज क्रमांक आणि निवडलेल्या सुरक्षा प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे, कारण पान काही वेळ तसेच राहिले, तर सत्र बंद पडते आणि तो क्रमांक नसेल, तर सगळे पुन्हा भरावे लागते.

मराठी माणसाला सर्वांत जास्त अडवतो तो नावाचा रकाना. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते, तर कंपनीच्या कागदांवर फक्त नाव-आडनाव असते. अर्जात पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने नाव लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी माहेरचे नाव ‘इतर नावे’ या प्रश्नाखाली अवश्य द्यावे, कारण पदवी त्या नावाची असते आणि दोन्ही नावांना जोडणारा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील नोंद सोबत असावी. आपल्याकडे हा बदल इतका नेहमीचा आहे की त्याचा खुलासा करावा लागेल हेच कुणाच्या मनात येत नाही.

पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, तर ‘हो’ असेच लिहावे आणि कारण एका ओळीत सांगावे. अटक किंवा गुन्ह्याबद्दलचा प्रश्नही असाच आहे. खटला रद्द झाला असला, तरी प्रश्न नीट वाचून खरे उत्तर द्यावे आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत ठेवावी. जुना नकार हा काही गुन्हा नाही. तो लपवणे मात्र अमेरिकी कायद्यातील कलम २१२ खाली चुकीची माहिती देणे ठरू शकते, आणि त्यामुळे अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते.

अर्ज सादर झाल्यावर बारकोड असलेले पुष्टिपत्र छापून घ्यावे. अपॉइंटमेंट घेताना दिलेला क्रमांक आणि या पत्रावरील क्रमांक एकच असला पाहिजे. नंतर चूक लक्षात येऊन नवा अर्ज भरला, तर अपॉइंटमेंटच्या खात्यातही वेळेआधी तो क्रमांक बदलावा. पिटिशनवर आधारलेल्या व्हिसासाठी शुल्क २०५ डॉलर आहे. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चष्म्याविना आणि गेल्या सहा महिन्यांतला असावा.

अलीकडे काय बदलले

२०२५ सालात नियम इतक्या वेगाने बदलले, की दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचा अनुभव आज जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून मुलाखतीतून मिळणारी सूट जवळपास बंद झाली, त्यामुळे पूर्वी ड्रॉपबॉक्समध्ये कागद टाकून नूतनीकरण करणाऱ्यांनाही आता प्रत्यक्ष जावे लागते. त्याच महिन्यापासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असा नियम आला. २१ सप्टेंबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या, अमेरिकेबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलरची रक्कम भरण्याची अट घातली गेली. आपले पिटिशन त्या तारखेच्या आधीचे असेल, तर मंजुरीपत्रावरील दाखल दिनांक ओळखून ठेवावा. त्यानंतरचे असेल, तर ही अट आपल्याला लागू आहे का आणि असल्यास रक्कम भरल्याचा पुरावा कुठे आहे, हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्यावे.

१५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली असून, ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचना आहे. या तपासणीमुळे त्या सुमारास भारतातील बऱ्याच मुलाखतींच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे विचारली जातात. ती पूर्ण द्यावीत, बंद पडलेलीसुद्धा. माझ्या मते इथे राजकीय मतांच्या काळजीपेक्षा लिंक्डइनची काळजी आधी करावी. तिथे आपण जुन्या कंपनीतील पद थोडे मोठे करून लिहिलेले असते, दोन नोकऱ्यांमधील रिकामे महिने झाकलेले असतात किंवा सध्याच्या कामाचे वर्णन पिटिशनमधील वर्णनाशी जुळत नाही. अनुभवपत्रे समोर ठेवून ते प्रोफाइल तारीखवार तपासावे आणि जे खरे आहे तसे करून ठेवावे.

उत्तरे कशी द्यावीत

प्रश्न साधेच असतात. कोणत्या कंपनीत जाणार, ती काय करते, तुमचे काम काय, वेतन किती, कुठे राहणार, शिक्षण कोणते, अनुभव किती, क्लायंट कोण, याआधी अमेरिकेत होता का. अडचण प्रश्नांत नसते, ती उत्तरांच्या भाषेत असते.

पुण्यात विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्या एका अभियंत्याचे उदाहरण घेऊ. ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला तो रेझ्युमेमधले वाक्य म्हणून दाखवतो: मी एंड-टू-एंड क्वालिटी डिलिव्हरीसाठी जबाबदार आहे आणि अनेक स्टेकहोल्डरांशी समन्वय करतो. अधिकाऱ्याला यातून काहीच कळत नाही, म्हणून तो पुढचा प्रश्न विचारतो, अभियंता गडबडतो आणि पुढचे उत्तर आणखी लांबते. तोच माणूस असे सांगू शकला असता: माझा क्लायंट मोटार विमा विकतो. अपघात झाल्यावर ग्राहक ज्या ॲपवरून दाव्याची रक्कम मागतो, ते ॲप नवी आवृत्ती येण्याआधी मी तपासतो. रक्कम चुकीची मोजली जात नाही ना, हे पाहणारे प्रोग्राम मी जावामध्ये लिहितो. तीन वाक्ये झाली, पण त्यात ग्राहक आहे, वस्तू आहे, काम आहे आणि पदवीशी असलेला संबंधही आहे. हा शेवटचा संबंध फार महत्त्वाचा, कारण एच-१बी ही विशेष ज्ञान लागणाऱ्या व्यवसायासाठीच आहे, आणि जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत पदवी आणि काम यांच्यात तर्कसंगत नाते हवे, हे स्पष्ट शब्दांत आले आहे.

असे बोलायला जमावे यासाठी एक सोपा उपाय आहे. मुलाखत इंग्रजीत द्यायची असली, तरी आपले काम आधी मराठीत, घरातल्या अशा माणसाला समजावून सांगावे ज्याचा संगणकाशी संबंध नाही. आईला किंवा काकांना ते कळले आणि त्यांनी उलट एखादा शहाणा प्रश्न विचारला, की समजावे, आपल्याला आपले काम सांगता येते. मग तेच साध्या इंग्रजीत सांगावे. व्याकरणाच्या चुकांनी कुणाचे नुकसान होत नाही, पण पाठ केलेल्या उत्तराचा वास अधिकाऱ्याला लगेच येतो, कारण तो दिवसभर तशीच उत्तरे ऐकत असतो.

प्रश्न नीट ऐकू आला नाही, तर पुन्हा विचारावा. काचेमुळे आणि मायक्रोफोनमुळे आवाज नेहमीच स्पष्ट येतो असे नाही, आणि अंदाजाने दिलेले उत्तर भलत्याच प्रश्नाचे ठरते. विचारले तेवढेच सांगावे. जे माहीत नाही, त्याला ‘मला माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. कंपनीचे एकूण किती कर्मचारी आहेत, हे नेमके ठाऊक नसेल, तर अंदाज आहे असे सांगून सांगावे.

ज्यांची कंपनी एक आणि काम दुसऱ्याच्या कार्यालयात, त्यांनी विशेष तयारी करावी. आपला नियोक्ता कोण, आपले काम कोण ठरवते, पगार कोण देते, मधे आणखी कोणती व्हेंडर कंपनी आहे का, हे सलगपणे सांगता आले पाहिजे. क्लायंटचे पत्र किंवा कामाचा करार असेल, तर तो वरच ठेवावा. आधीपासून अमेरिकेत काम करून नूतनीकरणासाठी आलेल्यांनी अलीकडच्या पे स्लिप आणि डब्ल्यू-२ (वर्षभराच्या वेतनाचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणावेत. मधे नोकरी गेली असेल, तर त्यानंतर मिळणाऱ्या साठ दिवसांच्या मुदतीत पुढे काय केले ते तारखांसह सांगता यावे.

इथे एक कळकळीची सूचना करतो. हैदराबाद असो, पुणे असो वा ठाणे, मुलाखतीची शिकवणी घेणारे आणि गरज पडल्यास अनुभवपत्र किंवा क्लायंटचे पत्र बनवून देऊ म्हणणारे लोक सगळीकडे भेटतात. मुलाखतीचा सराव करण्यात काही गैर नाही. खोट्या कागदाला मात्र हात लावू नये. अधिकाऱ्यांकडे पत्रांची शहानिशा करणारी स्वतंत्र यंत्रणा असते, ते थेट त्या कंपनीला फोन करतात, आणि एकदा फसवणुकीचा शिक्का बसला, की तो या एका अर्जापुरता राहत नाही. मुला-बाळांसह पुढच्या सगळ्या बेतांवर त्याची सावली पडते. तिशीच्या आतली मुले दहा-पंधरा हजार रुपये देऊन स्वतःचे असे नुकसान करून घेताना पाहून वाईट वाटते.

फाइलमध्ये काय नको

आपल्याकडे अजूनही सातबारा उतारा, फ्लॅटचा करार, मुदत ठेवींच्या पावत्या आणि वडिलांचे पेन्शनचे कागद घेऊन लोक एच-१बीच्या मुलाखतीला जातात. हा सल्ला पर्यटक व्हिसाच्या अनुभवातून आलेला असतो. पर्यटकाला कलम २१४ (बी) खाली आपण परत येणार हे पटवून द्यावे लागते. एच-१बीला ती अट लागू नाही. १९९० च्या कायद्याने या व्हिसाधारकांना नोकरी करता करता पुढे ग्रीन कार्डासाठी अर्ज करण्याचीही मुभा दिली आहे. म्हणून ‘मी दोन वर्षांत परत येणार’ असे ओढूनताणून सांगण्याची गरज नाही. ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू असेल आणि तसे विचारले, तर खरे सांगावे.

फाइल पातळ असावी. वर पासपोर्ट, जुने पासपोर्ट, पुष्टिपत्र, अपॉइंटमेंटचे पत्र आणि मंजुरीपत्र. त्याखाली पिटिशनची प्रत, ऑफर लेटर, क्लायंटचे पत्र, पदव्या आणि गुणपत्रिका, अनुभवपत्रे. एच-४ साठी प्रत्येकाचा वेगळा डीएस-१६० लागतो आणि विवाह नोंदणी दाखला तसेच मुलांचे जन्मदाखले इंग्रजीत हवेत. महापालिकेतून फक्त मराठी दाखला मिळाला असेल, तर भाषांतर करून घ्यावे. आपणहून कागद खिडकीतून सरकवत राहू नये. मागितला, की नेमका तोच काढून देता यावा.

मुलाखतीचा दिवस

मुंबईत दोन वेगळ्या अपॉइंटमेंट असतात. पहिली व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीसाठी. दोन्ही पत्ते वेगळे असल्याने पत्रावरचा पत्ता वाचूनच निघावे. कॉन्सुलेट २०११ साली ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलात आले. मेट्रो मार्गिका ३ चे बीकेसी स्थानक २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून तिथे पोचणे सोपे झाले आहे. वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावरून रिक्षाने येणाऱ्यांनी मात्र सकाळच्या कोंडीचा हिशेब ठेवावा. नाशिक, कोल्हापूर किंवा गोव्याहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुंबई गाठावी, रात्रीच्या बसच्या भरवशावर राहू नये.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, इअरफोन, लॅपटॉप आत नेता येत नाहीत आणि ते ठेवण्याची सोय कॉन्सुलेट करत नाही. सोबत कुणी आले असेल, तर त्याच्याकडे द्यावेत, एकटे असाल तर मुक्कामीच ठेवून यावे. फोन नसेल, म्हणून कंपनीचा पत्ता, व्यवस्थापकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. कपडे नेहमी कार्यालयात घालतो तसेच स्वच्छ आणि सुटसुटीत पुरेत.

निर्णयानंतर

मंजुरी मिळाली, तर अधिकारी पासपोर्ट ठेवून घेतो. कधी तो पासपोर्ट परत करतो किंवा ठेवून घेतो आणि कलम २२१ (जी) ची चिठ्ठी देतो. ही चिठ्ठी म्हणजे कायमचा नकार नव्हे. एक तर काही कागद हवे असतात किंवा अंतर्गत तपासणी बाकी असते. त्यानंतर सरकारी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती ‘रिफ्यूज्ड’ अशी दिसते आणि घरात एकच हलकल्लोळ माजतो. तपासणी पूर्ण होईपर्यंत तो शब्द तसाच दिसणे अपेक्षित आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. कागद मागितले असतील, तर चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणेच आणि लवकर द्यावेत. वर्षभरात दिले नाहीत, तर अर्ज संपुष्टात येतो आणि शुल्कासह सगळे पुन्हा करावे लागते. या काळात विमानाचे तिकीट काढू नये, भाड्याचे घर सोडू नये आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामाही देऊ नये. पासपोर्ट हाती येईपर्यंत हाच नियम मंजुरी मिळालेल्यांनीही पाळावा.

पासपोर्ट आला, की त्यावरील व्हिसा तिथल्या तिथे वाचावा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, खालच्या नोंदीतील कंपनीचे नाव आणि पिटिशनची अखेरची तारीख ही मंजुरीपत्राशी ताडून पाहावी आणि चूक असल्यास प्रवासाआधीच कळवावी. पिटिशन सुरू होण्याच्या तारखेआधी दहा दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. तिकडे पोचल्यावर आय-९४ ही प्रवेशाची नोंद संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि तिच्यावरील मुदत पाहावी, कारण तिथे राहण्याचा अधिकार व्हिसावरील तारखेने नव्हे, तर त्या नोंदीने ठरतो. पासपोर्ट लवकर संपत असेल, तर ती मुदतही तेवढीच आखूड मिळू शकते. म्हणून पासपोर्टची दोन वर्षांपेक्षा कमी मुदत उरली असेल, तर मुलाखतीची तारीख घेण्यापूर्वीच त्याचे नूतनीकरण करून घ्यावे.